अण्णांना सिरॉसिस आहे आणि दाढ काढायचीय. कुणी अशी काढून घेतलीय का?

विट्याची_माहेरवाशीण

धागा दाताचा की पोटाचा हेच ठरेना, म्हणून सरळ आरोग्य विभागात टाकतेय. चुकला असेल तर संपादकांनी हलवावा.

अण्णा, म्हणजे माझे वडील, वय ६७, विट्याला असतात. यंत्रमाग होते, ते विकून आता थोडी शेती आणि वारी. चार वर्षांपूर्वी पायांवर सूज आली म्हणून सोनोग्राफी केली आणि लिव्हर सिरॉसिस निघाला, म्हणजे लिव्हर कडक होऊन त्याचं काम मंदावलेलं. पुढचा प्रश्न सगळे तोच विचारतात म्हणून आधीच सांगून टाकते. अण्णा माळकरी आहेत, दारूचा थेंब कधी घेतलेला नाही. वीस वर्षांची शुगर, पोटाचा घेर, त्यातून फॅटी लिव्हर, त्यातून हे. हे मी आजवर लग्नाच्या पंगतीत, बँकेत आणि एकदा तर एक्सरे काढणाऱ्या पोराला उभ्या उभ्या समजावलंय. तंबाखू सोडली, पण सकाळची मिश्री काही सुटली नाही, तेवढं एक खरं.

आता दाढ. खालची डावी, शेवटून दुसरी. आधी किडलेली होतीच. पंधरा दिवसांपूर्वी गाल सुजला, पू झाला. गावातल्या दाताच्या डॉक्टरांनी फाईल चाळली आणि म्हणाले, "लिव्हरवाल्यांची चिठ्ठी आणा." सांगलीच्या लिव्हरच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली, "दाढ काढण्यास हरकत नाही, रक्तस्रावाचा धोका आहे." ती वाचून दाताचे डॉक्टर म्हणाले, "धोका आहे असं त्यांनीच लिहिलंय, मी कसा हात लावू?" मग दुसऱ्या एकांकडे गेलो. त्यांनी फाईल उघडलीच नाही. "दहा मिनिटांचं काम आहे काका, बसा खुर्चीत." पहिल्यांनी नाही म्हटलं त्यापेक्षा या 'बसा'ची मला जास्त भीती वाटली. अण्णांना उठवून घेऊन आले.

गेल्या आठवड्याचे रिपोर्ट: प्लेटलेट ६१,०००. आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) १.६. बिलिरुबिन (काविळीचा आकडा) २.१. अल्ब्युमिन २.९. पोटात थोडं पाणी. अन्ननलिकेतल्या शिरा फुगल्यात म्हणून दुर्बिणीतून दोनदा रबर बँड लावलेत. रोज त्या शिरांमधला दाब कमी ठेवायला प्रोप्रॅनोलॉल, अंगातलं पाणी काढायची गोळी आणि पोट साफ ठेवायला लॅक्ट्युलोजचं पातळ औषध. मागच्या दिवाळीत एकदा भ्रमिष्टासारखे झाले होते, दवाखान्यात ठेवावं लागलं. तेव्हापासून आई त्यांची रोज रात्री परीक्षा घेते. माउलींच्या पालखीचे मुक्काम ओळीने म्हणायला लावते. दिवाळीत ते लोणंदवरून एकदम वेळापूरला पोचले होते, त्यावरून तिनेच पहिल्यांदा ओळखलं.

दुखण्यासाठी मेडिकलवाल्याने डायक्लोफेनॅक दिली होती. दोन घेऊन झाल्यावर मला कळलं. आत्या म्हणते, शेजारच्या गावात एक बाई भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन दातातली कीड पाडते, तिच्याकडे न्या. पुण्यात बसून फोनवर हे सगळं थोपवताना मी थकलेय.

प्रश्न एवढाच. अशा माणसाची दाढ कुणी काढलीय का? आणि कशी?

कट्ट्यावरचा_काका

ताई, धुरीला नेऊ नका. आमच्या आजीच्या वेळी वाटीभर पाण्यात पडलेल्या 'किडी' मी स्वतः पाहिल्यात. बियांच्या आतलेच बारीक तुकडे असतात ते. बाकी जाणकार सांगतीलच.

दाढीवाला_दंतवैद्य

नाशिकला बावीस वर्षं दातांत हात घालतोय. पेशंट न पाहता सल्ला देऊ नये, हे मान्य. त्यामुळे याला सल्ला समजू नका. हे छापून न्या आणि तिथल्या डॉक्टरांना विचारा.

पहिलं म्हणजे चिठ्ठीबाजी बंद करा. "हरकत नाही, धोका आहे" या वाक्याला काही अर्थ नाही. धोका घरी बसूनही आहे. किंबहुना सिरॉसिसच्या माणसाच्या तोंडात पूची पिशवी ठेवणं हा मोठा धोका. त्यांची प्रतिकारशक्ती आधीच लंगडी असते, जंतू रक्तात उतरले तर आवरणं अवघड, आणि दिवाळीत झाला तसला भ्रम कुठल्याही इन्फेक्शनने परत येऊ शकतो. दाढ निघायलाच हवी. कुठे आणि कशी, एवढंच ठरवायचं. त्यासाठी दोन डॉक्टरांनी एकमेकांशी पाच मिनिटं फोनवर बोलावं. तुम्हीच खुर्चीशेजारी उभं राहून फोन लावून द्या. मी स्वतः पेशंटच्या मुलांना हेच करायला लावतो, कारण चिठ्ठीत माणूस स्वतःला वाचवतो आणि फोनवर पेशंटबद्दल बोलतो.

आता रक्ताचं. रक्त गोठवणारे बरेच घटक लिव्हरमध्ये तयार होतात. कारखाना आजारी पडला की माल कमी. दुसरीकडे लिव्हर कडक झाल्याने मागे रक्त तुंबतं, प्लीहा फुगते आणि प्लेटलेट स्वतःत अडकवून ठेवते. म्हणून दीड लाखाच्या वर हव्यात त्या ६१,००० वर आल्या. ऐकायला भयंकर वाटतं, पण एका दाढेसाठी ६१,००० वर काम होतं. ५०,००० च्या खाली असत्या तर मी दवाखान्यात हात लावला नसता, मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं असतं. आयएनआर १.६ बघूनही घाबरू नका. ती तपासणी फक्त गोठवणाऱ्या बाजूचं मोजमाप करते. गोठू न देणारे घटकही लिव्हरच बनवतं आणि तेही कमी झालेले असतात. तराजूची दोन्ही पारडी खाली आलेली असतात, आपण एकाच पारड्याकडे बघून बोंबलतो. म्हणून नुसता आकडा सुधारायला प्लाझ्माच्या पिशव्या चढवायचा आग्रह धरू नका. त्या पाण्याने शिरांमधला दाब उलट वाढतो, आणि अण्णांच्या अन्ननलिकेत आधीच बँड लावलेत.

रक्त जास्त जाईल ही भीती सगळ्यांना असते. मला अशा पेशंटमध्ये दुसरी भीती जास्त वाटते, ती म्हणजे गिळलेल्या रक्ताची. रात्रभर थोडं थोडं झिरपणारं रक्त पोटात गेलं की ते म्हणजे प्रथिनांचं जेवणच. आतड्यात त्याचा अमोनिया होतो, लिव्हर तो गाळू शकत नाही, आणि माणूस सकाळी भलतंच बोलायला लागतो. तुमच्या आईंची मुक्कामांची परीक्षा मी माझ्या दवाखान्यात वापरणार आहे, परवानगी गृहीत धरतो. दाढ काढल्यावर तीन रात्री ती चुकवू नका. हा अमोनिया शौचावाटे बाहेर काढतं ते लॅक्ट्युलोजच, तेही त्या दिवसांत एक वेळसुद्धा चुकता कामा नये. "तोंड दुखतंय, आज राहू दे" हे चालणार नाही.

मी कसं करतो ते सांगतो. सोमवारी किंवा मंगळवारी, सकाळी पहिला नंबर. म्हणजे रक्त सुटलंच तर दिवसाउजेडी सुटतं आणि पुढचे चार दिवस सगळे डॉक्टर जागेवर असतात. शनिवारी संध्याकाळी दाढ काढून रविवारी रात्री गाड्या पळवणारे नातेवाईक मी पुष्कळ पाहिलेत. एका वेळी एकच दाढ. काढल्यावर खड्ड्यात जिलेटिनचा स्पंज, वरून टाके, मग रक्त थांबवणाऱ्या ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडच्या इंजेक्शनचं औषध गॉजवर ओतून तो गॉज अर्धा तास दाबून धरायचा. इंजेक्शनचंच औषध, पण टोचायचं नाही, जखमेवर लावायचं. आणि पेशंटला माझ्या समोर तासभर बसवून ठेवतो. खुर्ची पूर्ण आडवी करू देऊ नका. पोटात पाणी असलेल्या माणसाला उताणं झोपवलं की दम लागतो.

भूल द्यायच्या लिग्नोकेनचं विघटन लिव्हरमध्ये होतं, म्हणून कमीत कमी मात्रा. आर्टिकेन हे भुलेचं दुसरं औषध मिळालं तर बरं, ते बहुतांश रक्तातच मोडतं. खालच्या दाढेला आम्ही जबड्याच्या मागे खोलवर मज्जातंतूजवळ सुई देतो. गोठण बिघडलेल्या माणसात तिथे आत रक्त साकळू शकतं, आणि ते बाहेरून दाबता येत नाही. आर्टिकेन दाढेच्या आजूबाजूला देऊन भागत असेल तर मी तसंच भागवतो. प्रोप्रॅनोलॉल चालू आहे हे डॉक्टरांना मुद्दाम सांगा. भुलेच्या औषधात ॲड्रेनलिन असतं, दोन्ही मिळून बीपी चढू शकतो, त्यामुळे तिथेही हात आखडता.

दुखण्याच्या गोळ्या. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, केटोरोलॅक, ॲस्पिरिन यांतलं काहीही नाही. प्लेटलेटचं काम बिघडतं, जठराला जखम होते आणि अशा पेशंटची किडनी बसू शकते. दोन घेतल्यात हे लिव्हरच्या डॉक्टरांना सांगा, लपवू नका, आणि क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, एकदा बघून घ्या. गंमत अशी की लोक ज्या गोळीला लिव्हरसाठी सर्वांत घाबरतात, ती पॅरासिटामॉलच यांच्यासाठी बरी. पण दिवसाला दोन ग्रॅमच्या आत, म्हणजे ५०० च्या जास्तीत जास्त चार, आणि सर्दीच्या गोळीत लपलेलं पॅरासिटामॉलही त्यातच मोजायचं. ॲंटिबायोटिकमध्ये साधं ॲमॉक्सिसिलिन चालतं. त्यातच क्लॅव्युलेनिक ॲसिड घातलेली जी गोळी आम्ही दंतवैद्य चुरमुऱ्यासारखी वाटतो, ती लिव्हरला त्रास देऊ शकते, मी अशांना टाळतो. मेट्रोनिडॅझोल लागलंच तर मात्रा त्यांच्या डॉक्टरांना विचारून. झोपेची किंवा 'जरा शांत राहायची' गोळी अजिबात नको.

"बसा काका" म्हणणाऱ्यांच्या खुर्चीतून उठवलंत, ते उत्तम केलंत.

नणंदेची_ऋणी

आमचं प्रकरण एक पायरी पुढचं आहे. माझ्या नवऱ्याचं २०२१ साली ट्रान्सप्लांट झालं, माझ्या नणंदेने लिव्हरचा भाग दिला. ऑपरेशनच्या आधी यादीतल्या तपासण्यांत दातांचा दाखलाही होता. मला तेव्हा राग आला होता, माणूस पिवळाधमक झालाय आणि हे दात मोजतायत! नंतर समजलं. ट्रान्सप्लांटनंतर प्रतिकारशक्ती औषधांनी दाबून ठेवतात, त्यामुळे तोंडात दडून बसलेला एखादा मुळाचा तुकडासुद्धा महागात पडतो. आमचे तीन काढले, चार भरले, आणि हिरड्यांची सफाई दोन बैठकांत. प्रत्येक वेळी रक्त थांबायला वेळ लागला, पण थांबलं.

खरी फजिती नंतर झाली. वर्षभराने दात दुखला, घराजवळच्या दवाखान्यात गेलो. "ट्रान्सप्लांट झालंय" असं आम्ही सांगितलं, पण गोळ्यांची यादी दाखवली नाही. त्यांनी क्लॅरिथ्रोमायसिन दिलं. पाचव्या दिवशी ह्यांचे हात इतके थरथरायला लागले की चहाची बशी वाजायची. प्रतिकारशक्ती दाबून ठेवणाऱ्या टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी भलतीच चढली होती, क्रिएटिनिनही. ते ॲंटिबायोटिक टॅक्रोलिमस शरीरात मोडूच देत नाही म्हणे. बुरशीच्या फ्लुकोनॅझोलचंही तसंच. आता मी औषधांच्या यादीचा फोटो पाकिटातही ठेवते आणि मोबाइलच्या वॉलपेपरवरही. देवाच्या फोटोच्या जागी टॅक्रोलिमस बघून सासूबाई नाराज आहेत.

माहेरवाशीण, पुढेमागे ट्रान्सप्लांटचा विषय निघणार असेल तर बाकीचे दात आत्ताच तपासून घ्या.

बी_पॉझिटिव्ह_रक्तगट_नव्हे

माझं लिव्हर अजून ठणठणीत आहे, फक्त हिपॅटायटिस बी आहे. जन्मतः आईकडून आलेला. विषाणू दाबून ठेवायला रोज एक टेनोफोव्हिरची गोळी. फॉर्मवर खरं लिहितो आणि मग जे होतं ते लिहितो इथे. एका ठिकाणी रात्री साडेनऊचा शेवटचा नंबर दिला, "नंतर सगळं धुवायला लागतं". एका ठिकाणी 'वेगळ्या किट'चे वेगळे पैसे मागितले. एका ठिकाणी रिसेप्शनवरच्या मुलीने माझं पेन परत घेतलं नाही. ते अजून माझ्याकडे आहे, चांगलं चालतं.

तेव्हा दाढीवाले डॉक्टर, एक सांगा. सगळं शेवटी धुणार असाल, तर माझ्या आधीच्या माणसानंतर काय करता?

दाढीवाला_दंतवैद्य

प्रश्न वर्मी लागला. उत्तर एकच: प्रत्येकानंतर तेच. हिपॅटायटिस बी चा विषाणू वाळलेल्या रक्तात, टेबलावर, किमान सात दिवस तग धरतो, आणि तो अंगात असलेल्या पुष्कळांना स्वतःलाच ठाऊक नसतं. त्यामुळे फॉर्मवर खरं लिहिणारा तुमच्यासारखा माणूस आमच्यासाठी धोक्याचा नाहीच. हत्यारं ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांवर किमान पंधरा मिनिटं, सुया एकदाच, आणि स्टाफला लसीचे तीन डोस. ज्याला तुमच्यासाठी वेगळी किट लागते, त्याची रोजची किट कशी असेल याचा विचार करा आणि तिथून निघा.

पण लिहिणं सोडू नका. आम्हाला ते स्वतःच्या बचावासाठी नको असतं, तुमच्या औषधांसाठी हवं असतं.

उलटही होतं. सात-आठ वर्षांपूर्वी एक बाई गालात आग होते म्हणून आल्या. आत पांढऱ्या रेघांची जाळी, लायकेन प्लेनस. तिखट बंद करून आल्या होत्या, फरक नव्हता. या जाळीचा कधी कधी हिपॅटायटिस सी शी संबंध असतो म्हणून रक्त तपासायला लावलं, निघाला. लिव्हरला फारसं काही झालेलं नव्हतं. २८ जुलै २०१८ पासून सरकारचा हिपॅटायटिस कार्यक्रम सुरू झालाय, त्यात बारा आठवड्यांच्या गोळ्या फुकट मिळाल्या. विषाणू गेला. जाळी थोडी राहिली, पण तिखट परत सुरू झालंय म्हणतात.

चिमणीची_आई

अवांतर विचारू का? माझ्या मुलीला जन्मतः पित्तनलिकांचा आजार होता, दुसऱ्या महिन्यात 'कसाई' नावाचं (पित्ताला वाट करून देणारं) ऑपरेशन झालं. आता अडीच वर्षांची आहे, तब्येत छान. पण दुधाचे दात हिरवट आहेत. घासून जात नाहीत. पाळणाघरात बाई म्हणतात, नीट घासत नाही का तुम्ही?

दाढीवाला_दंतवैद्य

बाईंना सांगा की तो रंग दाताच्या आत आहे. दात घडत होते तेव्हा रक्तात बिलिरुबिन खूप होतं, ते दाताच्या थरांतच कोंडलं गेलं. कितीही घासलं तरी जाणार नाही, आणि त्या रंगाने दात दुखतही नाही. कावीळ उतरल्यानंतर जे कायमचे दात घडतील ते नेहमीच्या रंगाचे येतात. पण गोड औषधं चालू असतील तर रात्री डोस दिल्यावर ओल्या फडक्याने दात पुसून झोपवा.

विट्याची_माहेरवाशीण

एकोणीस दिवसांनी येतेय, माफ करा. सगळ्यांचे आभार, विशेषतः दाढीवाल्यांचे. तुमचा प्रतिसाद छापून नेला होता. चार पानं झाली.

फोनची युक्ती चालली. मी पहिल्याच डॉक्टरांकडे गेले, ज्यांनी चिठ्ठी परत पाठवली होती. त्यांच्या टेबलासमोर उभं राहून सांगलीला फोन लावला आणि हातात दिला. आधी दोघेही अवघडले, मग दोघांची कॉलेजची बॅच जवळजवळची निघाली, मग सात मिनिटं बोलले. ठरलं असं की काम सांगलीतच, ज्या हॉस्पिटलात लिव्हरचे डॉक्टर बसतात तिथल्या दंतविभागात. विट्याचे डॉक्टर स्वतः आले नाहीत, पण संध्याकाळी त्यांनी आपणहून फोन केला. मी त्यांच्याबद्दल वर जरा तिखट लिहिलं होतं. माणूस घाबरला होता, आणि घाबरल्याचं त्याने लपवलं नाही, एवढंच.

सोमवार, सकाळी सव्वानऊ. प्लेटलेट परत केल्या, ५८,०००. प्लाझ्मा दिला नाही. खुर्ची अर्धी आडवी. आर्टिकेन होतं त्यांच्याकडे. दाढ मात्र दोन तुकड्यांत आली, एक मूळ वाकडं होतं, त्यामुळे दहाऐवजी चाळीस मिनिटं लागली. स्पंज, तीन टाके, गॉज. अकराला बाहेर. बारापर्यंत तिथेच बसवून ठेवलं.

घोळ संध्याकाळी झाला, आणि तो अण्णांनी केला. चाळीस वर्षं तंबाखू आणि मिश्रीवाला माणूस, त्याला थुंकल्याशिवाय राहवत नाही. थुंकू नका, चूळ भरू नका, हे चार जणांनी सांगितलेलं. हे मोरीत जाऊन जोरात थुंकले. लगेच रक्त. आईने मला फोन केला तेव्हा ती रडत होती, पण बोलता बोलता हात चालू होते तिचे. हॉस्पिटलातून ट्रॅनेक्सॅमिकच्या दोन बाटल्या आणि गॉज बरोबर दिले होते. भावाने बाटली फोडली, गॉज भिजवला, अण्णांना चावायला दिला, आणि आई घड्याळ घेऊन समोर बसली. मोठ्या काट्यावर नजर. पस्तीस मिनिटांनी थांबलं. थोडं रक्त पोटात गेलंच असणार, म्हणून डॉक्टरांना विचारून लॅक्ट्युलोजचा एक डोस वाढवला.

रात्री परीक्षा. तोंडात गॉज असल्यामुळे नुसतं हूंहूं. आई म्हणाली, मला कळतंय, म्हणा तुम्ही. आळंदी, पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे. लोणंदला आई श्वास धरून बसली असणार. तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, मग वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी. आणि पंढरपूर म्हणायच्या ऐवजी त्यांनी नुसते हात जोडले. हे भावाने सांगितलं. तिन्ही रात्री सगळे मुक्काम जागेवर.

पॅरासिटामॉल दिवसाला दोन-तीनच लागल्या. क्रिएटिनिन ठीक आहे, त्या दोन डायक्लोफेनॅकमुळे काही झालेलं नाही. सूज उतरली. आत्या अजून म्हणते, धुरीने फुकटात झालं असतं.

दाढीवाले, एकच विचारायचंय. टाके विरघळणारे आहेत असं सांगितलं होतं. दोन गेले, एक अजून लोंबतोय आणि अण्णा जिभेने त्याच्याशी खेळतात. त्यासाठी परत सांगली गाठायची का?

दाढीवाला_दंतवैद्य

नको. घरी मात्र कुणी ओढू नका, अण्णांनी तर मुळीच नाही. विट्याच्या त्याच डॉक्टरांकडे जा, कात्रीने कापतील, अर्ध्या मिनिटाचं काम. त्यांनाही बरं वाटेल. आणि त्याच फेरीत वरच्या दाढा बघून घ्यायला सांगा.